विटेवरून ओळखलेले शहर : मोहेंजोदडो प्रदर्शनाच्या कामाच्या नोंदी

१२ मे २०२४

वाचनालयाच्या बैठकीत विषय नक्की झाला. २० सप्टेंबर १९२४ च्या ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याचे तेव्हाचे महासंचालक जॉन मार्शल यांनी हडप्पा आणि मोहेंजोदडोची बातमी जगाला सांगितली. त्याला येत्या सप्टेंबरात शंभर वर्षे होतात. वरच्या मजल्यावरची खोली आपल्याला मिळाली आहे.

बाकीच्यांना मुद्रा, नर्तकी आणि दाढीवाला पुरोहित हवा होता. मी म्हटले, ते तिन्ही इयत्ता सहावीपासून सगळ्यांनी पाहिले आहे, आपण विटा दाखवू. त्या जागी जो कोणी गेला त्याला आधी विटाच दिसल्या, आणि प्रत्येकाने विटांवरूनच काहीतरी ठरवून टाकले. थोडी कुरकुर झाली, पण माझी उभी नोकरी बांधकाम खात्यात ओव्हरसिअर म्हणून गेलेली असल्यामुळे हा विषय माझ्याच गळ्यात पडला. महास्नानगृहाच्या भिंतीचा खऱ्या मापाचा एक तुकडा उभा करायचा, मातीच्या थरांची एक काचपेटी करायची आणि १८५३ ते १९३१ या काळावर सनबोर्डचे फलक लावायचे, असे ठरले.

१५ मे

आधी भट्टी, कारण जूनमध्ये पाऊस लागला की भट्ट्या बंद. मग दिवाळीनंतरच विटा.

मार्शल यांच्या अहवालातले नेहमीचे माप साधारण ११ × ५॥ × २॥ ते २॥। इंच आहे (॥ म्हणजे अर्धा, ॥। म्हणजे पाऊण). सेंटिमीटरमध्ये ढोबळ २८ × १४ × ७. लांबी, रुंदी आणि जाडी ४:२:१. आपल्याकडची वीट ९ × ४॥ × ३. भट्टीवाले शेठ म्हणाले, ‘‘साचा वेगळा करावा लागेल, आणि साचा अकरा इंचाचा करून चालणार नाही साहेब, वीट चोरते.’’ म्हणजे सुकताना आणि भाजताना आकसते. त्यांच्या मातीला बारा इंचांचा साचा लागेल असा त्यांचा अंदाज. सुताराकडे १२ × ६ × ३ चा सागवानी साचा टाकला.

३० मे

विटा आल्या. बहुतेक ११ इंचांच्या आसपास, पण काही पाव इंचाने लांब, काही तेवढ्याच आखूड. भट्टीत मधोमध असलेल्या जास्त आकसल्या, कडेच्या कमी. माती एका शेतातली, साचा एक, थापणारा माणूसही एकच, तरी एवढा फरक.

हे फलकावर घ्यायलाच हवे. सिंधू संस्कृतीच्या विटांचे एकसारखे प्रमाण हे वाक्य आपण पाठ्यपुस्तकात एका दमात वाचून पुढे जातो. शेकडो किलोमीटरवरच्या वेगवेगळ्या गावी, वेगवेगळ्या मातीत ४:२:१ राखायचे, तर प्रत्येक ठिकाणच्या कारागिराला आपली माती किती चोरते ते ठाऊक हवे आणि साचा त्या हिशेबाने करायला हवा. ‘प्रमाणीकरण’ म्हटले की डोळ्यांसमोर हुकूम काढणारा राजा येतो. मला तर साचा करणारा सुतार दिसतो.

८ जून

पहिला फलक : हडप्पाची लूट. मजकूर पुढीलप्रमाणे पक्का केला.

पुढे पुरातत्त्व खात्याचे पहिले प्रमुख झालेले अलेक्झांडर कनिंगहॅम १८५३ मध्ये हडप्प्याला गेले तेव्हा तिथे भिंती उभ्या होत्या. १८७२-७३ च्या भेटीत त्यांतले फारसे काही शिल्लक नव्हते. लाहोर-मुलतान रेल्वेच्या ठेकेदारांनी विटा उपसून रुळांखाली खडी म्हणून घातल्या. कनिंगहॅम लिहितात, सुमारे १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर लोहमार्गाला त्या पुरल्या. त्यांनी १८७५ मध्ये हडप्प्याची एक मुद्रा छापली आणि ती परदेशी असावी असा तर्क केला. विषय तिथेच थांबला.

एक सभासद म्हणाले, ठेकेदाराला शिव्या घालणारे एखादे वाक्य टाका. नको. ठेकेदाराला खडी हवी होती आणि आसपास सपाट गाळाची जमीन, दगड नाही. हाताशी आयती, कडक भाजलेली वीट. मी नोकरीत असताना जुन्या गढीची माती आणि दगड रस्त्याच्या भरावाला गेलेले पाहिले आहेत, आणि ते नेणाऱ्यांना आपण इतिहास नेतो आहोत असे कधी वाटले नव्हते. वाईट एवढेच की मोजमाप न घेता नेले.

१७ जून

दुसरा फलक सगळ्यांत अवघड, म्हणून जास्त वेळ दिला : भांडारकर.

देवदत्त रामकृष्ण भांडारकर, रा. गो. भांडारकरांचे चिरंजीव. पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम मंडळातले अधिकारी म्हणून १९११-१२ च्या हंगामात ते मोहेंजोदडोला गेले. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता (१९३६ पर्यंत) आणि पश्चिम मंडळाची कचेरी पुण्यात होती, म्हणून मोहेंजोदडोची फाइल पुण्याची. भांडारकरांनी लिहिले की स्थानिक लोक हे गाव दोनशे वर्षांपूर्वीचे सांगतात आणि ते चुकीचे वाटत नाही, कारण विटा अर्वाचीन धाटणीच्या आहेत आणि नक्षीदार भाजलेल्या मातीचे काम कुठेच नाही.

आता हे वाचून हसणारे खूप. कुठल्याही व्याख्यानात हा किस्सा हमखास हशा मिळवतो. मला तो हशा फलकावर नको आहे. भांडारकरांच्या जागी उभे राहून पाहा. त्या काळी माहीत असलेला नियम असा की विटा जितक्या मोठ्या तितक्या जुन्या. मौर्य, सातवाहन, कुषाण काळातल्या विटा कितीतरी मोठ्या, चाळीस सेंटिमीटरच्याही पुढे जाणाऱ्या. पुढे पुढे त्या लहान होत गेल्या. मोगल काळातल्या आणि पेशवाईतल्या वाड्यांच्या विटा चपट्या, लहान. या नियमाने मोहेंजोदडोची अकरा इंची वीट मोजली की ती उत्तरकाळाच्या बाजूला जाते. बौद्ध काळाच्या आधी भाजक्या विटांचे शहर भारतात असू शकते, हा रकानाच तेव्हा तक्त्यात नव्हता. पट्टीवर खूण नसेल तिथे वाचन कसे घेणार?

उलट मला त्यांच्या टिपणातली एक गोष्ट आवडते. त्यांनी कारणे लिहून ठेवली : विटा अशा, नक्षीकाम नाही. कारण लिहिले म्हणून पुढच्या माणसाला ते तपासता आले. नुसते ‘जागा महत्त्वाची नाही’ असा शेरा मारून कागद पुढे ढकलणारे अधिकारी मी भरपूर पाहिले आहेत. पुढे याच भांडारकरांनी १९१३ ते १५ मध्ये विदिशेजवळ बेसनगरला ग्रीक राजदूत हेलिओडोरसने उभारलेल्या स्तंभाभोवती उत्खनन केले. म्हणजे माणूस खुर्चीत बसून मत देणारा नव्हता.

फलकाशेजारी तीन विटा ठेवायच्या : आपल्या भट्टीची, आपण करून घेतलेली अकरा इंची, आणि सातवाहनकालीन मापाची एक लाकडी प्रतिकृती. पाहणाऱ्याने स्वतःच ठरवावे कोणती जुनी वाटते.

२६ जून

पाऊस. खोलीत गळती. फलक उचलून ठेवले.

५ जुलै

तिसरा फलक : बॅनर्जी आणि सहानी.

पुरातत्त्व खात्याच्या दयाराम सहानींनी १९२१ च्या जानेवारीत हडप्प्याला खोदकाम सुरू केले. मुद्रा मिळाल्या, पण विटा आधीच लुटलेल्या, त्यामुळे घरांचे आराखडे लागेनात. राखालदास बॅनर्जी पुण्याच्या कचेरीतून पश्चिम मंडळाचा कारभार पाहत होते. मोहेंजोदडोच्या सर्वांत उंच टेकाडावर कुषाण काळातला स्तूप आहे. बॅनर्जी गेले ते त्या स्तूपासाठी. १९२२-२३ च्या हंगामात खोदता खोदता स्तूपाच्या खालच्या थरांत त्यांना हडप्प्यासारख्याच मुद्रा मिळाल्या. ही जागा रेल्वेच्या खडीवाल्यांच्या हाती लागली नव्हती, त्यामुळे भिंती जागच्या जागी.

‘शोध कोणी लावला?’ हा प्रश्न बैठकीत रंगला. बंगालीत बॅनर्जींचे नाव, इंग्रजी पुस्तकांत मार्शल यांचे, पंजाबात सहानींचे. मी फलकावर कोणा एकाचे नाव न देता चार ओळींचा तक्ता दिला : कोणी, कधी, काय पाहिले, त्यावरून काय ठरवले. बॅनर्जींचा तपशीलवार अहवाल त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. ते १९३० मध्ये गेले आणि अहवाल छापून आला १९८४ मध्ये. हे मात्र ठळक अक्षरांत घेतले आहे.

जून १९२४ मध्ये मार्शल यांनी दोन्ही जागांच्या वस्तू सिमल्यात एकत्र मांडून घेतल्या. दोन ठिकाणांमध्ये साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास अंतर, आणि वस्तू सारख्या. ही खरी कलाटणी. त्यानंतर सप्टेंबरात लेख. लेख छापून आठवडा होतो न होतो तोच सेस या अभ्यासकाने पत्र लिहून कळवले की अशा मुद्रा इराणात सुसा इथे मिळाल्या आहेत. मार्शल यांनी लेखात काळाबद्दल जपून लिहिले होते. या पत्रानंतर आणि मेसोपोटेमियाच्या इतर जाणकारांच्या दुजोऱ्यानंतर शहर थेट इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या सहस्रकात जाऊन बसले. विटेने जे सांगितले नाही ते मुद्रेने सांगितले.

१७ जुलै, आषाढी एकादशी

आज काशिनाथ नारायण दीक्षितांचा फलक. जन्म पंढरपूरचा, १८८९. १९२४-२५ चा मोहेंजोदडोचा हंगाम त्यांच्या हाती होता. तिथल्या खोदलेल्या भागांना खोदणाऱ्यांच्या आडनावांतली दोन-दोन अक्षरे आहेत : डीके म्हणजे दीक्षित, व्हीएस म्हणजे माधो सरूप वत्स, एचआर म्हणजे हारग्रीव्ह्ज. दाढीवाला पुरोहित डीके भागातच १९२५-२६ मध्ये सापडला. त्याचा क्रमांक डीके १९०९. दीक्षित १९३७ ते ४४ पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होते. मोहेंजोदडोच्या नकाशावर एका पंढरपूरकराचे नाव कायमचे बसले आहे, आणि आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या किती जणांना ते ठाऊक आहे?

ग्रंथपाल मॅडमनी सुचवले, ‘‘पंढरपूर आणि वीट! फलकाला ‘विटेवरी उभा’ मथळा द्या की.’’ सगळे हसले. मथळा मोहाचा आहे, पण दिला नाही. युगे अठ्ठावीस आणि साडेचार हजार वर्षे एका फलकावर आली की वाचणारा दोन्ही एकच समजतो.

२८ जुलै

भिंतीचे काम सुरू. मिस्त्रींना महास्नानगृहाचा छेद कागदावर काढून दाखवला. तलाव साधारण १२ मीटर लांब, ७ रुंद, २.४ खोल. काठोकाठ भरला तर दोन लाख लिटर, आजच्या दहा हजारी टँकरच्या वीस खेपा. १९२५-२६ मध्ये मार्शल स्वतः मैदानात उतरले, शेकडो मजूर लावले, त्या हंगामात हा उघडा झाला.

आतल्या बाजूने अशी रचना : कडेवर उभ्या लावलेल्या विटा, सांधे अगदी बारीक, जिप्समच्या चुन्यात. त्यांच्या मागे इंचभर डांबराचा थर. तो सरकू नये म्हणून मागे आणखी एक बारीक भिंत. मग चिकणमातीची भर, आणि बाहेरून पुन्हा विटा. आम्ही चार फूट रुंद तुकडा करतोय, एका बाजूने उघडा ठेवून, म्हणजे सगळे पदर दिसतील. जिप्समऐवजी पीओपी. डांबर रस्त्याचेच, अर्थात तिकडचे नैसर्गिक होते.

मिस्त्रींनी दोन रद्दे (विटांचे आडवे थर) कोरडेच लावून पाहिले आणि म्हणाले, ‘‘साहेब, हा तर आपला इंग्लिश बाँड.’’ एक रद्दा लांबीने, एक रद्दा डोक्याने, सांध्यावर सांधा येत नाही. शिवाय रुंदीच्या दुप्पट लांबी असल्याने कोपऱ्यावर तोडायची वीट फार थोडी लागते. नऊ इंची विटेत सांध्याची जाडी सांभाळत कसरत करावी लागते, इथे ती जवळजवळ नाहीच. मिस्त्री खूश. त्यांना महास्नानगृहाची आख्यायिका, पवित्र स्नान वगैरे काही नको होते. ‘‘तळाला उतार किती दिलाय?’’ एवढेच विचारले. तळ नैऋत्य कोपऱ्याकडे उतरता आहे, तिथे पाणी जायला वाट आणि पुढे माणूस उभा राहील एवढी उंच मोरी. कमान नाही. दोन्ही बाजूंचे रद्दे थोडे थोडे पुढे काढत नेऊन वर मिळवले आहेत.

४ ऑगस्ट

डांबर गरम करताना वाचनालयाच्या शेजाऱ्यांनी तक्रार केली. उरलेले काम अंगणात.

१० ऑगस्ट

काचपेटी. मला स्वतःला यातच जास्त गोडी आहे, म्हणून सविस्तर.

मार्शल आणि नंतर अर्नेस्ट मॅके (१९२६-२७ पासून १९३१ पर्यंत) यांच्या खोदकामात सापडलेल्या वस्तूची नोंद कशी होई? एक बेंचमार्क (उंची ठरलेला पक्का बिंदू) धरायचा, डंपी लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) लावायची आणि वस्तू त्याखाली किती फुटांवर मिळाली ते लिहायचे. मग खोलीवरून काळ : वरचा, मधला आणि खालचा, आणि त्यांचे पुन्हा पोटभाग. आम्ही रस्त्याच्या लेव्हल घेतो तीच पद्धत. रस्त्याला ती चोख आहे. जमिनीत पुरलेल्या शहराला नाही. शहर काही सपाट थराथराने वाढत नाही. एक घर पडून उंचवटा होतो, शेजारचे तसेच खाली राहते, कोणी कचऱ्याचा खड्डा खणतो, कोणी जुन्या भिंतीच्या विटा काढायला चर मारतो. एकाच पातळीवर मिळालेल्या दोन वस्तूंमध्ये दोनशे वर्षांचे अंतर असू शकते.

पेटी तीन फूट लांब. तळाला काळी माती, त्यावर उतरता मुरूम, मग राख, मग लाल माती. मुरमाच्या उंच बाजूला १९७० च्या दशकातले दहा पैशाचे नाणे. लाल मातीतून थेट काळ्या मातीपर्यंत एक खड्डा आणि त्याच्या तळाशी आताचे दहा रुपयांचे. काचेवर बाहेरून पट्टी चिकटवली आहे. पट्टीने मोजले तर दहा रुपयांचे नाणे जास्त खोल, म्हणजे जास्त जुने! थर वाचले तर खरा क्रम कळतो. शाळेतल्या दोन मुलांवर प्रयोग केला. पहिल्याने पट्टी वाचली, दुसरीने खड्ड्याची कड बोटाने काचेवर काढून दाखवली.

मॉर्टिमर व्हीलर १९४४ मध्ये महासंचालक झाले आणि याच मुद्द्यावरून त्यांनी आधीच्या खोदकामावर कडाडून टीका केली. टीका बरोबर आहे. पण खाली मी एक ओळ माझ्या मनाने जोडली आहे : लेव्हल घेतली होती, म्हणून निदान दुरुस्तीला जागा राहिली. १९७९ पासून आखेन विद्यापीठाच्या मायकेल यान्सन यांच्या गटाने जुन्या नोंदवह्या, छायाचित्रे आणि भिंतींची नवी मोजणी एकत्र करून कितीतरी वस्तू पुन्हा आपापल्या खोलीत नेऊन ठेवल्या. नोंद अपुरी असली तरी ती नोंद होती. हडप्प्याच्या रुळांखाली गेलेल्या विटांचे यान्सन काय करणार?

२५ ऑगस्ट

विहिरींचा फलक आटोपशीर. मोहेंजोदडोत सातशेच्या आसपास विहिरी असाव्यात असा यान्सन यांचा अंदाज. पाचरीच्या आकाराच्या विटांनी गोल बांधलेल्या, त्यामुळे बाहेरून दाब आला की त्या आणखी घट्ट बसतात. रस्ता चढत गेला तसे विहिरीचे तोंडही रद्द्यावर रद्दा देत वर नेले. उत्खनकांनी भोवतालची भर काढली आणि आता त्या उंच मनोऱ्यासारख्या उभ्या दिसतात. छायाचित्र पाहून पहिला प्रश्न येतोच, ‘एवढ्या उंचावरून पाणी कसे काढत?’ म्हणून फलकावर जुन्या रस्त्याची रेघ लाल रंगात मारली आहे.

सर्वांत खालचे शहर कोणीच पाहिलेले नाही. पाणी लागते. १९६४-६५ मध्ये जॉर्ज डेल्स यांनी ड्रिल मारून पाहिले तेव्हा वस्तीचा माल आताच्या जमिनीखाली कितीतरी मीटर जातो हे कळले. त्यानंतर मोठे खोदकाम झालेच नाही.

८ सप्टेंबर

गणपती बसले, मिस्त्री गावी. भिंत तेवढ्यात वाळते आहे.

आमच्या तुकड्याच्या खालच्या दोन रद्द्यांवर पांढरा लोणा फुटला आहे. घासून काढावा असे सगळ्यांचे मत. मी राहू द्यायला सांगितले आणि शेवटचा फलक तिथेच लावला. मोहेंजोदडोचे आजचे दुखणे हेच आहे. भूजलातले क्षार विटेत चढतात, उन्हात पाणी उडते, क्षाराचे स्फटिक होतात आणि विटेचा पापुद्रा सुटतो. मातीखाली होत्या तोवर विटा टिकल्या. १९८० मध्ये जागा जागतिक वारसा यादीत गेली, मोठी आंतरराष्ट्रीय मोहीम झाली, भिंतींच्या माथ्यावर मातीचे लेप देतात. २०२२ च्या ऑगस्टमधल्या पावसाने तरीही नुकसान केले. खोदताना जतनाचा खर्च अंदाजपत्रकात धरायचा असतो, हे कुठल्याही पुलाच्या कामात पहिल्या पानावर असते.

२० सप्टेंबर

उद्घाटन झाले. भाषणे लांबली. लोक तीन विटांपाशी सर्वांत जास्त वेळ थांबले. बहुतेकांनी मोठी लाकडी वीट सर्वांत जुनी म्हणून दाखवली, मग फलक वाचून भांडारकरांबद्दल बोलू लागले. एका निवृत्त इतिहास शिक्षकांनी विचारले की भांडारकरांना एवढी सूट का. मी म्हटले, तुम्ही आताच कोणती वीट दाखवलीत? ते म्हणाले, ‘‘तो भाग वेगळा.’’ आमचा वाद चहापर्यंत चालला आणि त्यांनी आपले मत सोडले नाही.

२९ सप्टेंबर

पुढची व्यवस्था. काचपेटी जिल्हा परिषद शाळेला द्यायची, पण आधी वरचे झाकण स्क्रूने बसवायचे, नाणी पळवली जातात. फलक पंढरपूरच्या एका वाचनालयाने मागितले आहेत. दीक्षितांच्या फलकासाठी नकाशावरचा डीके भाग मोठ्या प्रमाणात वेगळा काढून द्यायचा आहे. भिंत हलवता येत नाही. मिस्त्री म्हणतात, पाडून विटा परत वापरता येतील, पीओपी लगेच सुटेल, डांबर लागलेल्या तेवढ्या बाद. पाडण्याआधी प्रत्येक रद्द्याचा फोटो आणि लेव्हल घ्यायची आहे. लेव्हलची स्टाफ (मोजपट्टी) आणि तिपाई उद्या आणतो.